दोन बोटांची जागा

"पाय जरा हलका कर, माणिक."

"हलकाच आहे."

"मग ही एवढी का ओरडतेय?"

पेठ नाक्यावरून आम्ही हायवेला लागलो होतो आणि घरी आणून जेमतेम चार दिवस झालेली नवी कोरी गाडी ओझ्यानं भरलेल्या मालट्रकासारखी घुमत होती. वेग साधाच होता. पण इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा तीनच्या आकड्यापुढं जाऊन थरथरत उभा होता, खाली यायचं नावच घेत नव्हता. मागून आलेला एक टेम्पो आम्हाला ओलांडून गेला आणि आतल्या माणसानं मान वळवून पाहिलं. कुणाचं तरी पोर देवळात भोकाड पसरतं तेव्हा लोक आईकडं बघतात, तसं.

सुधाकर, म्हणजे माझे यजमान, शेजारी बसले होते. पाटबंधारे खात्यात हयात गेली, कालव्याच्या पाण्याचा वेग ते नुसत्या नजरेनं सांगायचे, पण गाडी चालवायला कधी शिकले नाहीत. स्कूटरच्या पलीकडं त्यांचा पाय गेला नव्हता. मागच्या सीटवर हौसाआत्या, माझ्या वडलांची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं आणि पुढं माझ्याच घरी राहिली.

"ओरडंल न्हाई तर काय करंल?" आत्या मागून म्हणाली. "नवं घर, नवी माणसं. नांदायला आलेली पोर म्हैनाभर रडतीच. रडू द्या तिला."

"आत्या, ही पेट्रोल पिऊन रडतेय," सुधाकर म्हणाले.

मी हसले नाही. माझं सगळं ध्यान उजव्या पायात होतं. मला वाटत होतं की मी पेडलवर पाय नुसता टेकवलाय. पण मला वाटत होतं ते खरं होतं का?

हे कळायला थोडं मागं जावं लागेल. मी गुरांची डॉक्टर. इस्लामपूर भागातल्या किती गोठ्यांची चिखलवाट मी तुडवली असेल, सांगता येणार नाही. आदल्या वर्षी एका अडलेल्या म्हशीनं मला जनावर अडकवायच्या खोड्याच्या लाकडावर अशी दाबली, की कमरेत काहीतरी सरकलं आणि उजवा पाय झोपी गेला. मिरजेला मणक्याचं ऑपरेशन झालं. मग पाय हळूहळू परत आला, माहेराहून परतणाऱ्या बाईसारखा, थांबत, रेंगाळत. आधी टाच आली, मग तळवा, सगळ्यात शेवटी करंगळी. ती रुसलेलीच होती.

मिरजेचे डॉक्टर म्हणाले होते, "फिरतीवर जायचं तर जा. पण क्लचची गाडी नको, ऑटोमॅटिक घ्या. आणि एक ऐका. पायाला दाब कळेनासा झाला, कमी-जास्त समजेनासं झालं, तर वाट बघत बसू नका. सरळ इकडं या. आणि त्या दिवसापासून स्टिअरिंगला हात लावायचा नाही."

म्हणून तर ही गाडी. दवाखान्यातल्या खुर्चीत बसून मी कंटाळले होते. माझी जनावरं गोठ्यात होती आणि गोठे लांब होते.

घेण्याआधी मी कंपनीची चाचणीची गाडी हायवेवर चालवून पाहिली होती. अगदी हाच रस्ता. ती कशी गेली होती! भरल्या पोटाची गाय रवंथ करत चालावी तशी. आवाजच नाही. त्या दिवशी माझा पाय मला कळत होता.

आणि आता ही. तीच जात, तोच रंगसुद्धा. रस्ता तोच, पाय तोच. तेव्हा दोनच गोष्टी असू शकत होत्या. एक तर गाडीत काही बिघाड होता, नाहीतर माझ्यात.

---

गाडी घरी आली त्या दिवशी आत्यानं तिची पूजा केली होती. ती पूजा म्हणजे गल्लीभर सोहळा. विक्रीचा माणूस गाडी घेऊन आला, मला सीटवर बसवून एकेक दाखवायला लागला. "मॅडम, हे पार्किंग, हे मागं जायचं, हे पुढं. डी ला टाकलं की विसरून जायचं. आणि हे बाजूला बारकं बटण आहे ना, हे कधी घाट उतरताना—"

"नारळ कुणाकडं हाय?" आत्याचा आवाज आला. "अगं माणके, उतर की खाली! नवरी पाटावर बसायच्या आधी तूच जाऊन बसलीस व्हय?"

मी उतरले. त्या माणसानं चपला काढून हात जोडले, त्याचं पुढचं सांगणं राहूनच गेलं.

आत्यानं चाकांवर पाणी घातलं, बॉनेटवर स्वस्तिक काढलं. मग आत वाकून स्टिअरिंगमागच्या काट्यांच्या तबकडीच्या काचेवरही ओल्या कुंकवाचं एक स्वस्तिक रेखलं, कोपऱ्यात, ठसठशीत. "हे तिचं कपाळ," म्हणाली. आणि मग पदराच्या गाठीतून हळदीत भिजवलेला दोरा काढला, त्यात ओवलेलं हळकुंड होतं. नवऱ्या मुलीच्या मनगटाला कंकण बांधतात तसं ते तिनं गिअरच्या दांड्याच्या मुठीला बांधलं. फेऱ्यावर फेरे, गाठीवर गाठ, शेवटची गाठ तर दातानं ओढून. बांधताना ती गुणगुणत होती. आत्याला जात्यावर बसायची गरज नव्हती; तिच्या गळ्यातच जातं होतं.

*दारी गं आली गाडी, तिला पदरानं वारा घाला*
*लांबच्या वाटंहून जशी लेक आली माहेराला*

"हे आता सुटायचं न्हाई," तिनं आम्हाला बजावलं. "लगीन झाल्यावर जोडी देवाला जाऊन येती, मग कंकण सुटतं. हिला जोतिबाला न्यायची. डोंगरावर देवाम्होरं सोडायचं. त्याच्या आदी कुणी हात लावला तर बघा."

कुणी लावला नाही. दांडा धरला की हळकुंड माझ्या अंगठ्याखाली यायचं आणि अंगठा पिवळा व्हायचा. तेवढंच.

---

गावात गाडी बरी चालायची. गल्लीतून, बाजारातून, दवाखान्यापर्यंत मुकाट. हायवेला लागून वेग धरला की मात्र किंचाळायची.

आम्ही जे सुचेल ते करून पाहिलं. पायाखालची मॅट पुढं सरकून पेडलला अडकते का बघितलं. मॅटच काढून टाकली. एसी बंद करून चालवली, घामाघूम होऊन परत आलो. सुधाकरना कुणीतरी सांगितलं की सकाळी इंजिन गार असतं तेव्हा फेऱ्या जास्त असतात, म्हणून भर दुपारी गेलो. दुसऱ्या पंपावरचं पेट्रोल भरून पाहिलं. एकदा सुधाकर म्हणाले, "चप्पल काढून बघ. तळव्याला कळेल."

"नको."

"का?"

"घसरला तर कळायचं नाही मला."

त्यांनी माझ्या पायाकडं पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे तुला तसं वाटतंय?"

"मला काहीच वाटत नाहीये. तीच तर पंचाईत आहे."

त्या दिवसापासून आमचा एक सकाळचा खेळ सुरू झाला. आत्या परसात तुळशीला पाणी घालायला गेली की मी पलंगावर पाय लांब करून डोळे मिटायचे. सुधाकर कापसाच्या बोळ्यानं एकेका बोटाला शिवायचे.

"कुठलं?"

"अंगठा."

"आता?"

"मधलं."

"आता?"

"...शिवलात का?"

"नाही अजून."

"मग विचारता कशाला!"

"परीक्षा म्हटली की एखादा फसवा प्रश्न असतोच," ते म्हणायचे. पण हसताना त्यांचे डोळे माझ्या करंगळीवरच असायचे. करंगळीचं उत्तर कधी बरोबर यायचं, कधी उशिरा. पूर्वीपेक्षा उशिरा का, हे दोघांनाही ठरवता यायचं नाही. भीती असली की माणूस स्वतःच्या अंगाचीही खोटी साक्ष देतो.

सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथले अस्लम मुलाणी म्हणून प्रमुख कारागीर होते, दाढी पांढरी, बोलणं मऊ. त्यांनी यंत्र जोडून तपासलं, आवारात दोन चकरा मारल्या. आवारात कसली ओरडते? सुतासारखी सरळ चालली.

"ताई, बिघाड एकही दाखवत नाही," ते म्हणाले. "तेल ठीक, सगळं ठीक. ऑटोमॅटिकचं कसं असतं, पाय जितका देईल तितकी ती मागते. नवी गाडी असली की काही जणांचा पाय जड पडतो सुरुवातीला. बसेल सवयीनं."

पाय जड पडतो. किती सहज बोलले ते. त्यांचा काय दोष? त्यांना कुठं माहीत होतं की तो शब्द माझ्या कमरेतल्या टाक्यांवर जाऊन बसला.

जाताना ते दार धरून म्हणाले, "आणि ते कंकण होतं ना, त्याला ऑइलचे हात लागू नयेत म्हणून वरनं पिशवी गुंडाळली होती. आता काढली. आमच्या माणसांना सांगितलेलं, देवाचं आहे, धक्का लावायचा नाही. काचेवरचं कुंकूसुद्धा पुसू दिलं नाही."

"फार बरं केलंत," मी म्हटलं. आणि खरंच मनापासून म्हटलं.

रात्रीचं जेवण उरकल्यावर मी सुधाकरना सांगितलं, "सोमवारी मिरजेला जाऊ. एसटीनं. डॉक्टरांनी नाही म्हटलं तर गाडी देऊन टाकू."

"आणि तू?"

"मी काय? खुर्ची आहे की दवाखान्यात."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. ताटाखालची जागा ओल्या फडक्यानं पुसत राहिले, पुसून झाली तरी.

स्वयंपाकघरातून आत्या म्हणाली, "सोमवारी कुठं बी जावा. आईतवारी जोतिबाला जायचं. देवाचा वार हाय आणि गाडीचं कंकण ऱ्हायलंय."

"आत्या, एसटीनं जाऊ या का?" मी विचारलं.

"आणि कंकण काय तिकीट काढून न्यायचं?"

---

रविवारी निघालो. हायवेभर गाडी रडत होती आणि मी दात आवळून चालवत होते. मनाशी ठरवून टाकलं होतं की ही शेवटची खेप. मग मी रस्ता नीट बघून घेतला. उसाचे तुरे, विटांच्या भट्ट्यांचा धूर, बांधावर एका पायावर उभा बगळा. एका शेतात खोंड दाव्याला हिसके देत होता. सवयीनं माझी नजर त्याच्या मानेवर गेली.

ही सवय मला माझ्या पहिल्या साहेबांनी लावली होती. जनावर खात नाही, झुरतंय, ओरडतंय म्हणून कुणी घेऊन आलं की सुई-औषध नंतर. आधी गळ्यातल्या दाव्याखाली दोन बोटं घालून बघायची. वासरू वाढतं, दावं वाढत नाही. मालकाच्या ध्यानात येत नाही, कारण ते दावं त्यानंच हौसेनं बांधलेलं असतं, गोंडे लावून. दोन बोटं गेली नाहीत तर दावं सोडायचं. निम्मी दुखणी तिथंच संपतात.

डोंगराच्या चढाला लागलो. चढावर कुठलीही गाडी आवाज करतेच, त्यामुळं त्या वाटेवर मला जरा बरं वाटलं. आमची गाडी सगळ्यांसारखीच होती.

वर गर्दी बेताची होती. दगडी पायऱ्या, फरश्या, माणसांची कपाळं, सगळं गुलालानं गुलाबी. "चांगभलं!" म्हणत आत्या अशी चालली की तिच्या गुडघ्यांनी दुखणं घरीच ठेवलं असावं. दर्शन झालं. तिनं थोडा गुलाल पदरात बांधून आणला आणि आम्ही वाहनतळावर गाडीपाशी आलो.

"सोड आता," आत्या म्हणाली.

"मी?"

"मग कोण? नवरी गाडी, तर नवरा तूच. आणि ध्यानात ठेव, एका हातानं सोडायचं. दुसरा हात लावलास तर जल्मभर तुझ्यावर तिचाच हुकूम चालंल."

"आत्ता कुणाचा चालतोय?" सुधाकर पुटपुटले.

मी चालकाच्या सीटवर बसले. आत्या मागच्या दारातून आत वाकलेली, सुधाकर पलीकडच्या दारात. डाव्या हातानं गाठ चाचपली. दोरा सुकून ताठ झाला होता आणि आत्यानं तो असा आवळला होता की मुठीच्या रबरात रुतून बसलेला. मी बोट घालून पाहिलं. करंगळीसुद्धा जाईना.

"काय बांधलंय गं आत्या हे! बैल पळून जाणार होता का?"

"बोलू नको. सोड."

शेजारच्या गाडीतली एक नवी जोडी आमच्याकडं बघत उभी राहिली. त्यांचंही कंकण असावं सुटायचं; मुलीच्या हातात हिरवा चुडा होता. ती नवऱ्याला म्हणाली, "बघून घ्या, असं सोडायचं." नवरा लाजला.

अडलेल्या गाईच्या पोटात हात घालून मी आंधळेपणानं दोरीच्या गाठी मारल्या-सोडल्या होत्या. ती बोटं कामाला आली. नखानं एक पदर उचलला, मग दुसरा. शेवटची दाताची गाठ हट्टी निघाली, हळकुंडावर अंगठा रेटून ओढावी लागली. ती सुटली तसा अख्खा दोरा एकदम ढिला पडला, आणि आत काहीतरी 'टक' करून वाजलं.

"हळकुंड मोडलं का गं?" आत्यानं घाबरून विचारलं.

"नाही, आख्खं आहे." मी तिच्या हातात दिलं.

तिनं ते कपाळाला लावलं, गुलालाचं बोट माझ्या कपाळावर ओढलं. मी फडकं घेऊन काचेवरचं सुकलेलं स्वस्तिक पुसायला गेले तर तिनं माझा हात धरला. "कपाळ पुसतीस? कंकण सुटतं, कुंकू ऱ्हातं."

तसंच ठेवलं.

---

उतार लागला. गाडी सुटल्यासारखी पळायला लागली. इतक्या दिवसांत तिला एवढा ब्रेक कधी लावावा लागला नव्हता. पाय उचलला तरी ती थबकत नव्हती, वाहत होती. मी ब्रेकवर पाय ठेवला, पुरेना, आणखी दाबला. मनात म्हटलं, आला तो दिवस. आता दाबच कळत नाही. डॉक्टर म्हणाले होते ते हेच.

"सावकाश," सुधाकर म्हणाले.

"हो."

"माणिक, थांबायचं का?"

"खाली जाऊन थांबू."

एकेक वळण मी देवाचं नाव घेऊन उतरले. खाली सपाटी आली, मग हायवे. थांबायला जागा बघत मी वेग धरला. साठ. सत्तर. आणि मग मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. शेजारी सतत चालणारी पिठाची गिरणी एकदम बंद पडावी आणि आपल्याच कानांचा आवाज ऐकू यावा, तसं.

"बंद पडली का?" सुधाकरनी विचारलं.

काटा दोनच्या जरा वर, निवांत. खिडकीबाहेर वारा होता, चाकाखाली रस्ता होता, आणि इंजिन... इंजिन रवंथ करत होतं.

"झोपली गं ती," आत्या मागून हळूच म्हणाली. जणू मोठ्यानं बोललं तर जागी होईल.

माझा डावा हात दांड्याच्या मुठीवर होता. अंगठ्याखाली हळकुंड नव्हतं. तिथं रबराला दोऱ्याचे वळ पडले होते, आणि वळांच्या मधोमध एक बारकं, वर आलेलं बटण होतं. मला तो विक्रीचा माणूस आठवला. 'हे बाजूला बारकं बटण आहे ना, हे कधी घाट उतरताना—'

मी ते दाबलं.

गाडी किंचाळली. काटा उडी मारून तीनच्या वर. आणि काचेवरच्या सुकून भेगाळलेल्या कुंकवाच्या आडून एक पिवळा दिवा लागला.

पुन्हा दाबलं. बटण वर आलं, दिवा विझला, गाडी निजली.

"हे काय करतेस?" सुधाकर ओरडले.

मी पुन्हा दाबलं. पुन्हा सोडलं. आणि मग मला पुढचा रस्ता दिसेना. एका रसवंतीच्या मांडवाशेजारी गाडी घेतली, पार्किंगला टाकली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून मी हसायला लागले. हसता हसता त्याचं रडणं कधी झालं कळलं नाही. सुधाकर माझ्या पाठीवरून हात फिरवत विचारत होते, "अगं, काय झालं? पायाला काही झालं का?"

"पायाला काही झालेलं नाही!" मी म्हटलं. "पायाला काहीच झालेलं नव्हतं हो!"

मग मी सांगितलं. हे बटण दाबलेलं राहिलं की गाडी सगळ्यात वरच्या गिअरला जात नाही. घाट उतरताना इंजिनानं गाडी धरून ठेवावी म्हणून ते असतं. कंकणाचं हळकुंड नेमकं त्या बटणावर बसलं होतं आणि आत्यानं दोरा असा आवळला होता की ते आत जाऊन तिथंच राहिलं. दिवा लागून बिचारा सांगत होता, पण त्याच्यावर स्वस्तिक होतं. म्हणून गावात ठीक, हायवेला रड. आणि आज उतारावर गाडी सैल वाटली ती एवढ्यासाठीच. तिचा गळा मोकळा झाला होता.

सुधाकरनी एकदा बटणाकडं, एकदा स्वस्तिकाकडं पाहिलं. "म्हणजे तो दिवा इतके दिवस बोंबलत होता आणि आपण त्याला नमस्कार करत होतो."

"आणि मुलाणींनी त्यावर पिशवी बांधली होती," मी म्हटलं.

मग दोघांचं हसणं आवरेना. मी वळून पाहिलं. आत्या मात्र हातातल्या हळकुंडाकडं बघत बसली होती.

"म्हंजे मीच तिचा गळा आवळला हुता," ती म्हणाली.

"अहो आत्या, राहू दे," सुधाकर म्हणाले. "गाडीला काय कळतंय?"

"गाडीसाठी कुठं बांधलं हुतं मी?" तिनं पदर डोळ्यांना लावला, गुलाल गालाला लागला. "तुमी दोगं रोज सकाळी पायाची बोटं चाचपत बसता. मी तुळशीपाशी उभी ऱ्हाती म्हंजे मला खिडकीतनं दिसत न्हाई व्हय? पर मला ही काळजी तुझ्या ऑपरेशनपास्नं हाय. गाडी आली त्याच्या आदीच नवस बोलले हुते देवाला. हिचा पाय हिच्याच ताब्यात ऱ्हाऊ दे. म्हटलं, जेवढी गाठ पक्की, तेवढा पाय पक्का. म्हणून दातानं वढली."

रसवंतीच्या चरकाचे घुंगरू वाजत होते. सुधाकर खाली उतरून गेले आणि तीन ग्लास रस घेऊन आले. त्यांनी आत्याला ग्लास दिला आणि म्हणाले, "आत्या, पाय पक्का झाला. फक्त गाडी मधे सापडली."

तेव्हा कुठं ती हसली.

रस पिऊन झाल्यावर मी चपला काढल्या. सुधाकरनी पाहिलं. उघड्या तळव्याला पेडलचं रबर लागलं, त्याच्या रेघा लागल्या, दुपारचं ऊन त्यात साठलं होतं तेही लागलं. करंगळीलासुद्धा. जरा दाबलं, गाडी जरा पुढं गेली. आणखी जरा, आणखी जरा. जेवढं मागावं तेवढंच. माझा पाय खोटं बोलत नव्हता. इतके दिवस मीच त्याला खोटं पाडत होते.

आणि मागं, खिडकीला डोकं टेकून, आत्यानं आवाज लावला:

*वाजेना गं गाडी, जसं निजलं तान्हं बाळ*
*माझ्या माणिकच्या पायी पुन्हा वाजू लागं चाळ*

सोमवारी मिरजेला गेलो. एसटीनं नाही. डॉक्टरांनी पायाला सुई टोचली तशी मी "आई गं!" म्हणून एवढ्या जोरात ओरडले की बाहेर बसलेले सुधाकर आनंदानं उठून उभे राहिले.

---

त्याला आता बरीच वर्षं झाली. त्या गाडीनं मला शेकडो गोठ्यांपर्यंत पोचवलं. आत्या गेली त्यालाही दिवस झाले. मागच्या दसऱ्याला जुनी गाडी देऊन आम्ही नवी आणली. ही तर इतकी शहाणी की हिला गिअरचा दांडाच नाही, नुसतं गोल फिरवायचं काहीतरी आहे. सुधाकर म्हणाले, "आता कंकण कुठं बांधणार?"

आत्याचं हळकुंड मी देव्हाऱ्यात ठेवलं होतं. नवा दोरा हळदीत भिजवला, त्यात ते ओवलं आणि स्टिअरिंगच्या दांडीला, बटणं नाहीत अशी जागा बघून बांधलं. गाठ मारायच्या आधी दोऱ्याखाली दोन बोटं घालून पाहिली.

गेली.

मग गाठ मारली. दातानं नाही, हातानं.